ओझोनचा थर आणि राष्ट्रांचें देणेंघेणें

जुन्या पद्धतीच्या एखाद्या वाड्याची कल्पना करा. वाडा समाईक आहे, बिऱ्हाडें दहाबारा आहेत. त्यांपैकीं दोनतीन सुखवस्तु बिऱ्हाडांनीं वर्षानुवर्षें माळ्यावर अवजड सामान चढवून छपराचे वासे खिळखिळे करून टाकले. एका पावसाळ्यांत छप्पर गळूं लागलें, तेव्हां सर्वांची बैठक बसली आणि यापुढें कोणींही माळा वापरूं नये असा ठराव मांडण्यांत आला. ठराव योग्यच होता. पण उरलेल्यांपैकीं एका बिऱ्हाडानें नुकतीच कोठें पहिली ट्रंक विकत घेतली होती आणि ती वर चढविण्यासाठीं शिडी लावली होती. त्यानें आतां दुसरी सोय करावयाची, तर तिचा खर्च कोणीं सोसावयाचा? प्रश्न घरगुती दिसतो. पण याच जातीच्या प्रश्नावर मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदा मोडल्या आहेत. ज्या एका प्रसंगीं तो बऱ्याच अंशीं सुटला, त्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवावयाची आहे.

येथें छप्पर म्हणजे ओझोन वायूचा थर. पृथ्वीपासून सुमारें १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर हा वायु विरळपणें पसरलेला असून सूर्याच्या अतिनील किरणांपैकीं जे घातक, ते तो वरच्या वर अडवितो. हा अडसर पातळ झाला तर कातडीचा कर्करोग व मोतीबिंदू हे विकार वाढतात, पिकांस आणि समुद्रांतील सूक्ष्म वनस्पतींस अपाय होतो. या थराचा आणि आपल्या स्वयंपाकघरांतील फ्रीजचा संबंध जडला तो असा. आरंभींच्या रेफ्रिजरेटरांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायु खेळवीत असत. नळी गळली कीं घरांतील माणसांच्या जिवावर बेतावयाचें. १९२८ सालीं अमेरिकेंत टॉमस मिज्ली या रसायनज्ञानें क्लोरोफ्लुरोकार्बन या जातीचा वायु या कामीं पुढें आणला. सोयीसाठीं आपण त्यास सीएफसी म्हणूं. तो विषारी नव्हता आणि पेटतही नव्हता. १९३० सालीं मिज्लीनें रसायनज्ञांच्या भर सभेंत तो वायु छातींत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवून दाखविली. मग हीं द्रव्यें सर्वत्र शिरलीं. फ्रीजच्या नळ्यांत एक प्रकार, फ्रीजच्या भिंतींत भरलेल्या फोममध्यें दुसरा, सुगंधी फवाऱ्यांच्या डब्यांत तिसरा, आणि विद्युत्‌यंत्रांचे नाजुक भाग धुण्यासाठीं चवथा.

ज्या गुणासाठीं त्यांची एवढी वाखाणणी झाली, तोच पुढें नडला. हीं द्रव्यें कशाशींच संयोग पावत नाहींत. म्हणून तीं नाश न पावतां हळूहळू वर चढत ओझोनच्या थरापर्यंत पोंचतात. तेथें प्रखर किरणांनीं त्यांचें विघटन होऊन क्लोरीनचा अणु मोकळा होतो, आणि असा एक अणु नाहींसा होण्यापूर्वीं ओझोनच्या लाखभर रेणूंचा फडशा पाडूं शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनीं १९७४ सालीं हें गणित मांडलें. कारखानदारांनीं तें उडवून लावण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पुढें १९८५ सालीं फार्मन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनीं अंटार्क्टिकावरील हॅली बे येथील वेधांवरून दाखविलें कीं, तेथल्या वसंत ऋतूंत ओझोनचा थर भयंकर पातळ होत चालला आहे. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६ सप्टेंबर १९८७ रोजीं, कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं या द्रव्यांवर नियंत्रण घालणारा करार झाला.

शास्त्राची बाजू मीं येथेंच सोडतों. ती आतां बहुतेकांस ठाऊक झालेली आहे. पैशाची बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाहीं.

मॉन्ट्रियलचा करार प्रथमतः श्रीमंत राष्ट्रांनीं आपसांत जमविलेला होता, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. विकसनशील राष्ट्रांपैकीं ज्यांचा वापर दर माणशीं वर्षाला ३०० ग्रॅमपेक्षां कमी, त्यांना दहा वर्षांची मुदत अधिक देण्यांत आली. पैशासंबंधींचे शब्द मात्र मोघम राहिले. भारत आणि चीन या दोन्ही राष्ट्रांनीं सही केली नाहीं. त्यांचें म्हणणें समजण्यासाठीं दोन आंकडे पुरेत. अमेरिकेंत १९८६ सालीं सीएफसीचा वापर दर माणशीं एका किलोग्रॅमहून अधिक होता. भारताचा वापर पुढें वाढल्यावरही, १९९५ ते १९९७ या वर्षांच्या सरासरीनें, ६,६८१ टन भरला. म्हणजे दर माणशीं सात ग्रॅमच्या आसपास. फ्रीज ही वस्तु मध्यम वर्गाच्या घरांत नुकती कोठें येऊं लागली होती. अशा वेळीं जुनें तंत्र सोडा आणि नवें तंत्र आमच्याच कंपन्यांकडून, त्यांनीं सांगितलेल्या किंमतीला विकत घ्या, असें सांगणें म्हणजे वाड्यांतल्या त्या ट्रंकवाल्या बिऱ्हाडाला सुताराचा पत्ता देऊन वाटेला लावण्यासारखेंच होतें. हेंही सांगितलें पाहिजे कीं, या नकारांत न्यायाइतकेंच सौद्याचें बळ होतें. जगांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोकसंख्या या दोन देशांत. ते बाहेर राहून स्वतःचे कारखाने वाढविते, तर इतरांनीं केलेली सारी काटकसर वाहून गेली असती. श्रीमंत राष्ट्रांना हें कळत होतें, आणि आपणांस तें कळतें हें दिल्ली व पेकिंग येथेंही ठाऊक होतें.

जून १९९० मध्यें लंडन येथें कराराच्या सभासदांची दुसरी बैठक भरली. भारताच्या पर्यावरण खात्याच्या राज्यमंत्री मेनका गांधी यांनीं तेथें आपल्या देशाची बाजू रोखठोकपणें मांडली: थर ज्यांनीं फाडला त्यांनींच दुरुस्तीचा खर्च उचलावा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख मुस्तफा तोल्बा हे मूळचे इजिप्तचे; दोन्ही पक्षांच्या खोल्यांत फेऱ्या घालून शब्दांची जुळवाजुळव करण्याचें काम मुख्यतः त्यांच्याकडे होतें. अमेरिकेच्या सरकारनें मे महिन्यांत स्वतंत्र निधीस विरोध दर्शविला होता आणि जूनमध्यें तो मागें घेतला. त्या विरोधाच्या मुळाशीं रकमेपेक्षां पायंड्याची धास्ती होती. आज ओझोनसाठीं पैसे दिले, तर उद्यां हवामानासाठीं मागतील! म्हणूनच निधीच्या कलमांत शेवटीं एक उपकलम घातलेलें आढळतें: या व्यवस्थेवरून इतर पर्यावरणीय प्रश्नांसंबंधीं कोणतेंही अनुमान काढूं नये. माणसें दार उघडतांना साखळी लावून ठेवतात, तसलाच हा प्रकार.

२९ जून १९९० रोजीं तडजोड झाली. पहिल्या तीन वर्षांसाठीं १६ कोटी डॉलरांचा निधि ठरला. भारत व चीन करारांत आले तर ती रक्कम २४ कोटींपर्यंत वाढवावयाची. चीन १९९१ सालीं आला, भारत १९ जून १९९२ रोजीं. परंतु या रकमांपेक्षां मला लंडनच्या मसुद्यांतलें एक वाक्य महत्त्वाचें वाटतें. विकसनशील राष्ट्रांना आपलीं बंधनें पाळतां येणें हें पैशाचें साहाय्य आणि तंत्राचें हस्तांतर खरोखर होण्यावर अवलंबून राहील, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. म्हणजे एका बाजूनें शब्द मोडला तर दुसऱ्या बाजूला आपली अडचण सर्वांपुढें मांडण्याची वाट मोकळी राहिली. दान देणारा अशी अट कधींच लिहून देत नाहीं; ती देणेकऱ्याच्या कागदांत असते.

निधीचा कारभार कोणीं पाहावयाचा, यावरही बरीच ओढाताण झाली. पैसा देणाऱ्यांपैकीं कांहींचा कल तो जागतिक बँकेकडे सोंपविण्याकडे होता, आणि त्या बँकेंत ज्याचा पैसा अधिक त्याचीं मतें अधिक असतात. विकसनशील राष्ट्रांना तें मान्य होईना. अखेर चौदा राष्ट्रांची कार्यकारी समिति नेमण्यांत आली: सात देणारीं, सात घेणारीं. निर्णय दोन-तृतीयांश मतांनीं व्हावयाचा, आणि शिवाय दोन्ही गटांत निरनिराळें बहुमत पडावयास पाहिजे. म्हणजे कोणत्याही एका गटाला दुसऱ्यावर आपलें म्हणणें लादतां येऊं नये. अध्यक्षपद एक वर्ष याच्याकडे, एक वर्ष त्याच्याकडे. गंमत अशी कीं, मतें मोजण्याची इतकी चोख योजना केल्यावर मतें मोजण्याचा प्रसंग सहसा आलाच नाहीं. जवळजवळ सर्व निर्णय एकमतानें होत गेले. निधीची कचेरी मॉन्ट्रियल येथें आहे. प्रत्यक्ष कामें मात्र जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्था यांच्या हातून होतात. देणाऱ्या राष्ट्रांची वर्गणी संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण वर्गणीच्या प्रमाणांत ठरते, आणि दर तीन वर्षांनीं एकंदर रकमेचा फेरविचार होतो. पूर्व युरोपांतील आणि पूर्वीच्या सोव्हिएट संघांतून निघालेल्या कांहीं राष्ट्रांच्या वर्गण्या पुष्कळ काळ थकल्या; तो भाग तितकासा भूषणावह नाहीं.

आतां खर्चाचा हिशेब. करारांतील शब्द आहे ‘मान्य झालेला वाढीव खर्च’. या शब्दांचा अर्थ लावण्यांत समितीचीं पहिलीं कित्येक वर्षें गेलीं. समजा, एक फ्रीजचा कारखाना आहे. भिंतींत भरावयाच्या फोमसाठीं तो सीएफसी वापरतो. त्याऐवजीं सायक्लोपेंटेन वापरावयाचें ठरलें. हें द्रव्य ओझोनला निरुपद्रवी, पण पेट्रोलसारखें पेट घेणारें. मग गळती ओळखणारीं यंत्रें हवींत, हवा खेळती ठेवणारे पंखे हवेत, ठिणगी न उडणारी वीजजोडणी हवी, कामगारांस नवें शिक्षण हवें. हा सारा खर्च निधीनें द्यावयाचा. परंतु कारखानदार त्याच निमित्तानें आपलें यंत्र दुप्पट मोठें करूं पाहील, तर त्या वाढीचा पैसा त्याचा त्यानें घालावयाचा. नवें द्रव्य स्वस्त पडून कांहीं बचत होत असेल, तर ती रकमेंतून वजा. कारखान्यांत परकीय कंपनीचें भांडवल असेल, तर त्या हिश्श्यापुरतें साहाय्य कमी. २५ जुलै १९९५ नंतर उभारलेल्या कारखान्यास कांहींच मिळावयाचें नाहीं. कारण धोका ठाऊक असूनही ज्यानें जुन्या तंत्रांत पैसा गुंतविला, त्याला भरपाई कशाची? आणि जुनीं यंत्रें मोडून टाकल्याचा पुरावा द्यावयाचा, नाहींतर तीं दुसऱ्या कोणाच्या अंगणांत जाऊन पुन्हां सुरू व्हावयाचीं. घरगुती फ्रीजच्या बाबतींत टाळलेल्या द्रव्याच्या दर किलोग्रॅममागें १३.७६ डॉलर ही मर्यादा १९९५ सालीं घालण्यांत आली. दोन दशांशस्थळांपर्यंतचा हा आंकडा वाचून कोणास हंसूं येईल. पण आंतरराष्ट्रीय सद्‌भावना इतक्या बारकाईनें मोजली गेली म्हणूनच ती टिकली, असें माझें मत आहे. ज्या मदतीचा हिशेब लागत नाहीं, तिच्याविषयीं देणाऱ्याच्या मनांत संशय आणि घेणाऱ्याच्या मनांत ओशाळेपणा राहतो.

भारतांत सीएफसी तयार करणारे कारखाने चार होते. ते क्रमाक्रमानें हें उत्पादन बंद करतील आणि त्याबद्दल ८ कोटी २० लाख डॉलर मिळतील, असा करार १९९९ सालीं झाला. विकसनशील राष्ट्रांसाठीं शेवटची तारीख १ जानेवारी २०१० ही होती. भारतानें १ ऑगस्ट २००८ पासूनच उत्पादन थांबविलें. अपवाद एका वस्तूचा राहिला: दम्याच्या रोग्यांचा फवाऱ्याचा पंप. त्यांतील औषध फुप्फुसापर्यंत नेणारा वायु सीएफसीच होता. श्वास कोंडलेल्या माणसाला ओझोनचें तत्त्वज्ञान सांगतां येत नाहीं. त्याच्या हातीं दुसरा पंप, तितकाच गुणकारी आणि परवडणारा, आधीं ठेवावा लागतो. मुंबईची सिप्ला आणि इतर औषध कंपन्यांनीं नवे पंप तयार केले. या स्थित्यंतरासाठीं निधीनें २००८ सालीं सुमारें १ कोटी २ लाख डॉलर मंजूर केले, आणि २०१२ अखेर जुने पंप बंद झाले. ज्यांच्या घरीं दम्याचा रोगी आहे, त्यांपैकीं किती जणांना या बदलाची चाहूल तरी लागली असेल?

१९९१ पासून आजवर निधीनें चारशें कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मंजूर केली आहे. जगांतील प्रत्येक राष्ट्र या करारांत आहे. शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं केलेल्या परीक्षणाप्रमाणें अंटार्क्टिकावरील थर सुमारें २०६६ पर्यंत १९८० च्या स्थितीस येईल, उत्तर ध्रुवाकडील २०४५ पर्यंत आणि इतरत्र २०४० पर्यंत. म्हणजे आज जन्मलेलें मूल चाळिशीला येईल तेव्हां.

परंतु पैसा दिला कीं काम झालें, असें समजणाऱ्यांसाठीं दोन प्रकरणें सांगावयास हवींत. पहिलें चीनचें. तेथील सीएफसीचें उत्पादन बंद करण्यासाठीं १५ कोटी डॉलर ठरले, आणि १ जुलै २००७ रोजीं कारखाने बंद झाल्याचें जाहीर झालें. पुढें २०१८ सालीं स्टीफन मॉन्ट्झ्का व त्यांचे सहकारी यांनीं हवेंतील नमुन्यांवरून दाखविलें कीं, फोमसाठीं वापरल्या जाणाऱ्या सीएफसी-११ चें प्रमाण २०१२ नंतर अपेक्षेप्रमाणें घटत नाहीं. कोणीतरी तें नव्यानें सोडीत आहे. कोरिया व जपान यांच्या बेटांवरील वेधशाळांच्या मोजणीवरून २०१९ सालीं माग लागला: वाढीपैकीं ४० ते ६० टक्के भाग पूर्व चीनमधला, मुख्यतः शांतुंग व होपेइ या प्रांतांतला. बोभाटा झाल्यावर तपास झाले, छापे पडले, आणि पुढल्या मोजणींत तें प्रमाण झपाट्यानें उतरलें. कागदावर बंद झालेला कारखाना हवेनें उघडा पाडला. कोणत्याही हिशेबतपासनिसापेक्षां हा साक्षीदार अधिक निर्भीड निघाला.

दुसऱ्या प्रकरणांत आपल्या देशाचाही वांटा आहे, आणि त्यांत हा निधि नव्हे तर एक निराळीच योजना होती. वातानुकूलन यंत्रांत लागणारा एचसीएफसी-२२ हा वायु बनवितांना एचएफसी-२३ हा दुसरा वायु आपोआप निघतो. तो ओझोनला अपाय करीत नाहीं. पण हवा तापविण्याची त्याची शक्ति कर्बद्विप्राणिल वायूच्या हजारों पट आहे. तो जाळून टाकण्यास खर्च अल्प येतो. क्योटोच्या हवामानकराराखालीं या जाळण्याबद्दल विक्रेय प्रमाणपत्रें मिळूं लागलीं, आणि त्यांची किंमत खर्चाच्या कितीतरी पट भरली. परिणाम असा झाला कीं, मुख्य मालापेक्षां कचरा अधिक किफायतीचा ठरला! भारत व चीन येथील कारखान्यांनीं त्यांत भरपूर नफा मिळविला. युरोपनें २०१३ पासून अशीं प्रमाणपत्रें आपल्या बाजारांत घेण्याचें बंद केलें. आणि ऑक्टोबर २०१६ मध्यें भारत सरकारनें हा वायु कारखान्यांनीं स्वखर्चानें नष्ट करावा असा आदेश काढला. ‘वाढीव खर्चा’च्या कंजूष हिशेबाचें महत्त्व या उदाहरणावरून चांगलें ध्यानांत येतें. प्रत्यक्ष खर्च भरून दिला तर काम होतें. खर्चाहून फार अधिक दिलें, तर घाण करण्याचाच धंदा होऊन बसतो.

हा इतिहास सांगण्याचें कारण, निधीपुढें आतां अधिक अवघड काम आलें आहे. सीएफसीच्या जागीं जे एचएफसी वायु आले, ते ओझोनला निरुपद्रवी, पण पृथ्वीला तापविणारे. ते कमी करण्याचें १५ ऑक्टोबर २०१६ रोजीं रवांडांतील किगाली शहरीं ठरलें. म्हणजे लंडनच्या मसुद्यांत साखळी लावलेल्या दारांतून हवामानाचा प्रश्न छब्बीस वर्षांनीं आंत शिरलाच! भारतानें या दुरुस्तीस २०२१ सालीं मान्यता दिली. आपणांस हा वापर २०२८ पासून गोठवावयाचा आहे, २०३२ पासून दहा टक्क्यांनीं घटवावयाचा आहे, आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनीं. निधीची रक्कमही त्या मानानें वाढली: २०२१ ते २०२३ साठीं ती ४७.५ कोटी डॉलर होती, तर २०२४ ते २०२६ साठीं ९६.५ कोटी ठरली.

यांत एक मेख आहे. किती टक्के घटवावयाचें तें ठरलें. पण कशाचे टक्के? भारतासाठीं हा पाया मुख्यतः २०२४, २०२५ व २०२६ या तीन वर्षांच्या सरासरी वापरावरून धरावयाचा आहे. म्हणजे या काळांत वापर जितका अधिक, तितकी पुढची मर्यादा सैल. उन्हाळे कडक होत आहेत, वातानुकूलन यंत्रें मध्यम वर्गाच्या घरांत शिरत आहेत, आणि काटकसर करणाऱ्यास हिशेबांत बक्षीस नाहीं. ज्या देशानें लंडन येथें न्यायाची बाजू घेतली, त्यानें या सोयीचा मोह कितपत आवरला, हें या वर्षांचे आंकडे पुरे झाल्यावर दिसेल.

दुसरी अडचण कारखान्याबाहेरची आहे. आतांपर्यंत निधीचा बराच पैसा कारखान्यांत गेला. कारखाने मोजके असतात. त्यांना दार असतें, मालक असतो, हिशेबाच्या वह्या असतात. परंतु यंत्र घरीं आल्यावर त्यांतील वायु राखणें हें दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या हातीं असतें, आणि आपल्या देशांत असे कारागीर लाखांनीं मोजावे लागतील. एका पिशवींत पाने, एका खांद्यावर सिलिंडर, आणि मागें दुचाकी! बिघडलेल्या यंत्रांतील जुना वायु हवेंत सोडून द्यावयाचा आणि नवा भरावयाचा, हीच त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती. २००४ पासून निधीच्या पैशांतून त्यांच्यासाठीं शिक्षणवर्ग निघाले, औद्योगिक शाळांना वायु परत गोळा करण्याचीं यंत्रें देण्यांत आलीं. पण घाईच्या गिऱ्हाइकापुढें तो खटाटोप कारागिराला परवडत नाहीं. गोळा केलेला वायु विकत घेणारा कोणी जवळपास असावा लागतो. त्यांतच यापुढें येणाऱ्या वायूंपैकीं प्रोपेन आणि आयसोब्युटेन हे पेट घेणारे आहेत. चवथ्या मजल्यावरच्या लहानशा खोलींत, खिडकीबाहेर लोंबकळत, ते हाताळण्याचें काम त्याच माणसाला करावें लागणार आहे. त्याच्या शिक्षणाचा, त्याच्या गळती-शोधक यंत्राचा आणि त्याच्या वायांजाणाऱ्या तासाचा खर्च हा ‘मान्य झालेला वाढीव खर्च’ किती मानावयाचा, याचा दर किलोग्रॅमचा आंकडा अद्यापि मॉन्ट्रियलच्या बैठकींत घासाघीस करून ठरवावा लागतो.